संघ गावाचा, राखण डोंगराची

मंडळी, कबड्डी कोणाला आवडत नाही? ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या गावांत सामना असला की लहानथोर गोळा होतात. चढाईला एकटा गडी येतो. पण त्याला धरायला साखळी लागते. साखळी तुटली की गडी निसटला! जंगल राखायचे कामही असेच आहे.

कल्याणजवळ, अंबरनाथ तालुक्यात मांगरूळ गाव आहे. २०१७ च्या जुलैत तिथल्या डोंगरावर एका दिवसात लाखभर रोपे लावली गेली. हजारो माणसे आली. चांगले काम झाले. पण पावसाळा सरला, गवत वाळले. त्याच डिसेंबरात डोंगराला आग लागली. हजारो रोपे जळाली. पुढच्या वर्षी पुन्हा आग लागली.

यातून काय शिकावे? रोप लावायला एक दिवस पुरतो. ते राखायला वर्षे लागतात. लावायला गर्दी चालते. राखायला संघ लागतो.

हा संघ कुठून आणायचा? तो गावात आहेच! रोज संध्याकाळी मैदानावर जमणारी तरुण मुले-मुली, तोच संघ. त्यांना वेळ पाळायची सवय असते. एकमेकांचा भरवसा असतो.

संघाने काय करावे?

१. आधी वनरक्षकाला भेटावे. त्याला विचारून डोंगराचा एक तुकडा राखायला घ्यावा.

२. पावसाळा सरला की रोपांभोवतीचे गवत कापावे. वनखात्याबरोबर जाळरेषा साफ करावी. जाळरेषा म्हणजे गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा. जळायला काही नसले की आग पुढे सरकत नाही.

३. धूर दिसला की वनखात्याला १९२६ या नंबरावर फोन करावा. आग चढावर जोरात धावते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधी थांबू नये. लहान मुलांना तिकडे नेऊ नये.

४. मे महिन्यात जिवंत रोपे मोजावी. गावागावांच्या सामन्यांत त्यांचेही गुण धरावे. ज्याची रोपे जास्त जगली, त्या संघाचा मान मोठा!

कोणी म्हणेल, "मग जंगलातच मैदान करू की!" नको रे बाबा. ठाण्याचे येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. तिथे बेकायदा टर्फ, म्हणजे हिरव्या चटईची मैदाने, उभी राहिली. रात्री दिव्यांचा लखलखाट आणि आरडाओरड. बिबट्यासारखी जनावरे रात्रीच हिंडतात. त्यांनी जावे कुठे? लोकांनी तक्रारी केल्या. प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ साली पालिकेने अशा टर्फांवर हातोडा चालवला.

म्हणून आम्ही सांगतो: खेळ गावच्या मैदानात, राखण डोंगरावर. आपला डोंगर हिरवा राहिला तर विहिरीला पाणी राहील. हा सामना हरून चालणार नाही.

सांगा पाहू :
१. मांगरूळची रोपे कशाने गेली?
२. जाळरेषा म्हणजे काय?
३. तुमच्या गावचा कोणता संघ हे काम करील?