समानाभिहार आणि औषधालयातील दृष्टिभ्रम

विद्यमान वस्तूदेखील प्रत्यक्ष का होत नाही, याची आठ कारणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितली आहेत. त्यांपैकी समानाभिहार, म्हणजे सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, हे औषधालयाशी सर्वाधिक निगडित आहे असे आम्हांस वाटते. येथे नेत्र निर्दोष असतात. घोटाळा होतो तो मनाच्या जुळवणीत. भेलाचार्यांनी आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे भेद मानले, ते किती मार्मिक आहे!

परस्परांजवळ असलेल्या व सारख्या दिसणाऱ्या आकृती मन आपोआप एका गटात बांधते, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडले. मिऱ्यांच्या ढिगात पपईचे बी लपते ते यामुळेच. पांढऱ्या कागदावर एकेरी थरात पसरल्यास लंबगोल बी निराळे दिसू लागते. पाण्यावर ते बहुधा तरंगते. मात्र पोकळ मिरेही तरंगते, म्हणून केवळ त्या परीक्षेवर विसंबू नये.

नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लघुमालिनी वसंत व सुवर्णमालिनी वसंत एकसारख्या वेष्टनात शेजारी ठेवल्यास घाईत मन ‘मालिनी वसंत’ एवढेच टिपते व उरलेले अपेक्षेनुसार भरून घेते. पहिल्यात सुवर्ण नाही, हे सांगणे नलगे. असे कल्प दूर ठेवून झाकणावर ‘लघु’, ‘सुवर्ण’ ठळक लिहावे. त्रिभुवनकीर्तीसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांस स्वतंत्र कप्पा द्यावा, आणि औषध हाती देण्यापूर्वी पूर्ण नाव मोठ्याने वाचावे.