वाडीत इंटरनेट घ्यायचं, पण कोणतं?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, डोंगरउतारावर. मुलगी घरूनच नोकरी करते. स्थानिक केबलवाल्याची फायबर लाइन वाडीपर्यंत आली आहे. दुसरा पर्याय सिमवर चालणाऱ्या राउटरचा. काय घ्यावं?

उत्तर : लाइन घरापर्यंत मिळत असेल तर फायबरच घ्या. टॉवरचा वेग आसपासचे सगळेच वाटून घेतात. गणपतीत चाकरमानी आले की तो घसरतो. जाहिरातीतल्या 100 एमबीपीएसला भुलू नका. एका व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, पण अपलोडलाही तेवढा वेग हवा. ज्या शेजाऱ्याकडे कनेक्शन आहे, त्याच्याकडे रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा बघा.

कोकणात खरी कसोटी पावसाळ्यात. खांबावरून आणलेली केबल फांदी पडली की तुटते. जोडायला माणूस किती दिवसांनी येतो, हे केबलवाल्याला नव्हे, त्याच्या जुन्या ग्राहकांना विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिन्याच्या प्लॅनवर एक पावसाळा काढा.

वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून तसाच छोटा यूपीएस घ्या.

लाइन तुटेल त्या दिवसासाठी फोनमध्ये एक सिम ठेवा. जांभ्याच्या जाड भिंतींमागे सिग्नल मंदावतो, म्हणून कोणत्या कंपनीची रेंज चांगली, ते मुलगी बसते त्याच खोलीत तपासा.