लेकराचा ताबा मागताना

पोरी, कोर्टाची नोटीस आली की जो तो आधी समोरच्याचे दोष गोळा करत बसतो. तू तसं करू नकोस. 1890 चा पालक व पाल्य कायदा असो की 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, जज बघतात ते लेकराचं हित. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे देतात, पण तेवढ्यावर निर्धास्त राहायचं नाही.

पुरावा हवा तो लेकराच्या रोजच्या दिवसाचा. एक वही कर, तारीख घालून रोजचं रोज लिही. शाळेत कोणी सोडलं, डबा कोणी दिला, ताप आला तेव्हा सिव्हिलला रात्रभर कोण बसलं. केसपेपर, लसीचं कार्ड, फीच्या पावत्या, पालकसभेची सही, सगळं एका पिशवीत. अस्सल कागद भावाकडे ठेव, वकिलाला झेरॉक्स दे. बापानं गड्ड्याच्या जत्रेला नेलं, नवे कपडे घेतले, तर तेही लिही. त्याच्या चुकाच तेवढ्या लिहिलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवील? मारहाण झाली असेल तर मात्र काही झाकायचं नाही. दवाखान्याचे आणि चौकीचे कागद पहिल्याच तारखेआधी वकिलाच्या हातात दे.

मोबाइलमधले मेसेज पुसू नकोस, आपल्याला हवे तेवढे कापूनही देऊ नकोस. फोन जपून ठेव. त्यातली प्रिंट द्यायची तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. लेकराच्या बापाचा पासवर्ड ओळखून त्याच्या फोनमध्ये शिरायचं तर मनातही आणू नकोस, तो गुन्हा होतो.

बिड्या वळून कितीसं मिळतं, याची लाज नको. मजुरीचं पुस्तक, पीएफच्या पावत्या दाखव. कमाई कमी म्हणून कोणी मूल काढून घेत नाही. तू कारखान्यात बिड्या द्यायला जातेस तेव्हा लेकराजवळ कोण असतं, हे मात्र विचारतील. त्याचं उत्तर खरं आणि तयार पाहिजे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नकोस. 1987 च्या कायद्यानं बाईला, कमाई कितीही असो, वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर.

आणि लेकराला काही पढवू नकोस. कळत्या वयाचं असेल तर जज त्याला आपल्या खोलीत बोलावून विचारतात. पाठ केलेलं तिथं लगेच कळतं, आणि पढवताना त्या जिवाची जी ओढाताण होते ती मला बघवत नाही.

उद्या शाळेत जाऊन बोनाफाइड आणि हजेरीचा दाखला माग.