विजेचा हिशेब

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात निलंगा हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालच्या शिवारात पूर्वी मोटेने विहिरीचे पाणी उपसले जाई. आता ते काम विजेचा पंप करतो. रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते, तेव्हा पुष्कळ पंप एकदम चालू होतात. घरे व पंप एकाच रोहित्रावर असतील, तर अशा वेळी दिवे मंद होतात, शेगडीवरचे पाणी लवकर तापत नाही आणि एखाद्याची मोटारही जळते. मोटार जळाली, की उभे पीक सुकू लागते. असे का घडते?

उंच टाकीतील पाणी नळातून जोराने वाहते. नळ अरुंद असेल, तर प्रवाह मंदावतो. विजेचेही काहीसे असेच आहे. तिला पुढे ढकलणारा तो दाब; तो व्होल्टमध्ये मोजतात. वाहते ती धारा. ती अँपिअरमध्ये मोजतात. तार धारेला जो अडथळा करते, तो रोध होय. या तिघांचे नाते जर्मनीतील गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. ओहम हे कुलुपे बनविणाऱ्या कारागिराचे पुत्र व शाळेतील शिक्षक होते. आरंभी त्यांच्या कार्याची उपेक्षा झाली. परंतु १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. रोधाच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

दाबाला धारेने भागले, की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले, की शक्ती मिळते. ती वॅटमध्ये मोजतात.

समजा, एका शेगडीला २३० व्होल्ट दाब मिळतो आणि तिच्यातून ५ अँपिअर धारा वाहते.

रोध = २३० ÷ ५ = ४६ ओहम
शक्ती = २३० × ५ = १,१५० वॅट

आता दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला. शेगडीची तार तीच असल्याने रोध ४६ ओहमच धरू.

धारा = १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर
शक्ती = १८४ × ४ = ७३६ वॅट

दाब एक पंचमांशच घटला. शक्ती मात्र एक तृतीयांशाहून अधिक घटली! कारण दाबाबरोबर धाराही घटली. पाणी तापण्यास उशीर का लागतो, ते आता उघड झाले.

मोटारीचे वागणे मात्र निराळे असते. पाणी वर चढविण्याचे काम तेवढेच असते. म्हणून दाब उतरला, की मोटार ते काम रेटण्यासाठी अधिक धारा ओढते. तारेत उत्पन्न होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ ओहम रोधाच्या तारेतून १० अँपिअर धारा गेली, तर १० × १० × २ = २०० वॅट शक्ती उष्णतेत जाते. धारा १५ अँपिअर झाली, तर १५ × १५ × २ = ४५० वॅट! धारा दीडपट, उष्णता सव्वादोनपट. या उष्णतेने मोटारीच्या वेटोळ्यावरील आवरण जळते.

म्हणूनच जाणता शेतकरी आधी दाबमापकाचा काटा पाहतो आणि मगच कळ दाबतो. वीज डोळ्यांना दिसत नाही. पण जो तिचा हिशेब ठेवतो, त्याची ती इमानाने सेवा करते.

स्वाध्याय

१. एका दिव्याला २३० व्होल्ट दाब असता त्यातून अर्धा अँपिअर धारा वाहते. त्याचा रोध व शक्ती काढा.
२. दाब उतरला असता शेगडी व मोटार यांच्या वागण्यात कोणता फरक पडतो?