सभेंत बोलावें कसें

शेतकऱ्यास बोलतां येत नाहीं, हा समज खोटा आहे. बैलजोडीचा सौदा करतांना किंवा बांधाच्या तंट्यांत जो गृहस्थ चार पंचांना निरुत्तर करतो, तोच संस्थेच्या वार्षिक सभेंत मागच्या रांगेंत मुकाट बसतो, आणि सभा उठल्यावर पारावर तासभर बोलतो. त्या तासाभराच्या बोलण्याची नोंद कोठेंही होत नाहीं. नुकसान होतें तें येथें.

सभेंतील बोलणें हें ऐकणाऱ्यांइतकेंच लिहून घेणाऱ्यासाठीं असतें. इतिवृत्ताच्या वहींत जें उतरतें, तेंच पुढें अधिकाऱ्यापुढें आधार म्हणून दाखवितां येतें. म्हणून वहींत आपलें कोणतें वाक्य उतरावें, तें उभें राहण्यापूर्वींच कागदावर लिहून ठेवावें. मागणी एका वाक्यांत बसत नसेल, तर ती अजून पिकलेली नाहीं असें समजावें.

कालव्याच्या शेवटच्या टोकावरील एका शेतकऱ्याचें उदाहरण घेऊं. पाणीवापर संस्थेच्या सभेंत तो उठून म्हणतो, "आमच्यावर नेहमींच अन्याय होतो, वरचे लोक पाणी चोरतात." झालें! वरचे लोक खवळतात, दहा वर्षांचीं उणींदुणीं निघतात, आणि अध्यक्ष पुढचा विषय घेतात. त्याच शेतकऱ्यानें असें म्हणून पाहावें: "अध्यक्षमहाराज, रब्बीच्या दुसऱ्या पाळींत आमच्या चारीस 48 तास पाणी ठरलें होतें. मिळालें 31 तास. 22 एकर गहू कोरडा राहिला. पुढील पाळी शेवटच्या टोकापासून सुरू करावी, असा ठराव मी मांडतों." येथें कोणास चोर म्हटलेलें नाहीं, परंतु उत्तर देणें भाग पडतें. शिवाय शेजपाळीची रीत मुळांत शेपटाकडून मुखाकडे अशीच आहे. तेव्हां आपण सवलत मागत नसून नियमाची आठवण देत आहों, हेंही सांगावें. मात्र हे तासांचे आकडे सभेच्या आदल्या रात्रीं आठवून सुचत नाहींत. पाणी आलें त्या दिवशींच, घड्याळ पाहून, बांधावर टिपलेले असावे लागतात. ठरावास अनुमोदन देणारा सभासदही आधींच गांठून ठेवावा. शक्य तर तो वरच्या टोकाचा असावा.

आवाज, हातवारे, सुभाषितें यांची फार काळजी करूं नये. आपल्या घरच्या बोलींतच बोलावें. उसनी ग्रंथभाषा मध्येंच अडखळविते. घरच्या मंडळींस एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि तीन मिनिटांपेक्षां अधिक वेळ लागल्यास काटावें.

जें डोळ्यांस दिसतें तें मात्र फार बोलतें. 1888 सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि रयतेच्या शिक्षणाविषयीं बोलले. ते स्वतः कंत्राटदारीही करीत. इतरांसारखा भारी पोषाख त्यांस अशक्य नव्हता. परंतु ज्यांच्या वतीनें बोलावयाचें, ते त्या दालनांत कोठेंच दिसत नव्हते. ती उणीव त्या वेषानें भरून काढली. आमच्या उदाहरणांतील शेतकऱ्यानें पोचट ओंब्यांची एक मूठ अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली, तरी तेवढें काम होईल.

ठराव संमत झाला म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर बहुधा पहिलाच विषय "मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करणें" हा असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं निम्मे सभासद बाहेर चहा घेत असतात. त्या दिवशीं वेळेवर जाऊन पुढें बसावें, आपला ठराव शब्दशः वाचला जातो कीं नाहीं तें ऐकावें, आणि शब्द बदलला असल्यास सह्या होण्यापूर्वीं तेथेंच हरकत घ्यावी.