काठावरून दिसणारे धर्मपीठ

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतून मराठी दैनिकासाठी बातमीदारी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. इथे जत्रा, शिगमो, खाणी, काजूचे भाव यांच्या बातम्या जास्त आणि चर्चच्या कमी. त्याचे कारण इतिहासात आहे. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली १७८०च्या दशकाच्या आरंभी, पेडणे १७८८ मध्ये. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ ओसरला होता आणि या नव्या काबिजादीतल्या देवळांना, रीतिरिवाजांना हात लावायचा नाही, असे राज्यकर्त्यांचे धोरण ठरले होते. म्हणून बार्देश, तिसवाडी, सासष्टीत गावागणिक इगर्ज दिसते आणि आमच्याकडे ती विरळ. तरीही गोव्यात बातमीदारी करायची तर आर्चबिशपपासून विगारापर्यंतची, म्हणजे गावच्या मुख्य पाद्र्यापर्यंतची, सगळी उतरंड समजून घ्यावी लागते. मी हिंदू घरातला. हे सगळे मी कामावरच शिकलो. आता नवी मुले विचारतात, तेव्हा सांगतो ते असे.

१. धर्मप्रांताचा नकाशा राज्याच्या नकाशावरून वाचू नका.

पेडण्यात राहून हे लवकर कळते. पत्रादेवी किंवा सातार्ड्याची हद्द ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि दुसरा धर्मप्रांतही. सिंधुदुर्गचा धर्मप्रांत २००५ साली पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा काढला गेला. त्याचे कॅथेड्रल सावंतवाडीत, मिलाग्रीस सायबिणीच्या नावाचे. पण हा धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांतमंडळात मोडतो, मुंबईच्या नव्हे. म्हणजे सावंतवाडीच्या बिशपांचे वरिष्ठ धर्मपीठ पणजीत आहे. उलट दमण आणि दीव इतके दूर असूनही थेट गोव्याच्याच आर्चबिशपांकडे आहेत, कारण दमणचा वेगळा धर्मप्रांत १९२८ साली गोव्याला जोडला गेला. 'गोवा आणि दमण' हे आजचे नाव तिथून आले.

१५३३ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याची सत्ता आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत मानली जात होती. 'पूर्वेचे पॅट्रिआर्क' हा किताब १८८६ पासून गोव्याच्या आर्चबिशपांकडे आहे. किताब मोठा आणि मुलूख आता लहान, ही गोष्ट मनाशी पक्की असली की त्यांच्या भाषणांतला, प्रवासांतला बराच अर्थ उलगडतो.

२. बातमी जुन्या गोव्यात नसते.

नवखा बातमीदार से कॅथेड्रलपाशी जाऊन उभा राहतो. १५६२ मध्ये सुरू झालेले आणि १६१९ मध्ये पुरे झालेले हे काम एवढे प्रचंड आहे की धर्मप्रांताचा सगळा कारभार तिथूनच चालत असेल, असे कोणालाही वाटावे. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. तो पुन्हा उभारला गेला नाही. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले, सत्ता पणजीला सरकली आणि तिच्यामागून आर्चबिशपही. त्यांचा वाडा पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर आहे. बदल्या, नेमणुका, शाळांचे प्रश्न, परिपत्रके हे सारे तिथून निघते. विकार जनरल आणि चान्सलर ही दोन पदे ओळखून ठेवावीत. आर्चबिशप एकदाच बोलतात, ही माणसे रोज उत्तरे देतात.

इंग्रजांच्या अँग्लिकन पंथात हा फरक पदांतच उघड दिसतो. तिथे कॅथेड्रलचा कारभार डीनकडे आणि धर्मप्रांताचा बिशपकडे. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये कंपनीच्या लोकांसाठी चर्च म्हणून उघडले. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन होऊन थॉमस कार हे पहिले बिशप आले, तेव्हा १८३७ साल उजाडले होते. म्हणजे इमारत आधी आणि बिशप शंभराहून अधिक वर्षांनी. १९७० मध्ये हे अँग्लिकन इतर पंथांबरोबर उत्तर भारताच्या मंडळीत विलीन झाले आणि आज मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे तिचे बिशप आहेत. गोव्यात या पंथाची पाळेमुळे रुजली नाहीत. नेपोलियनच्या काळात इंग्रजी फौज इथे राहिली, त्याची खूण म्हणून दोनापावलला एक दफनभूमी उरली आहे. क्लॉडियस बुकॅनन हे अँग्लिकन पाद्री १८०८ मध्ये गोव्यात आले. त्यांनी इन्क्विझिशनबद्दल जे लिहिले, ते इंग्लंडात खूप वाचले गेले.

३. पत्र पूर्ण वाचा.

आर्चबिशपांचे वार्षिक पत्र साधारण जूनच्या सुमारास येते आणि सर्व चर्चमध्ये पोचते. २०१८ च्या पत्राचा विषय गरिबी हा होता. त्यातले संविधान धोक्यात असल्याबद्दलचे एक-दोन वाक्यांचे वळण देशभर मथळ्यांत गेले आणि बाकीचे पत्र कोणी वाचलेच नाही. त्या दिवशी दिल्लीच्या वाहिन्यांवर दिसणारे धर्मगुरू आणि आमच्या भागात लोक ओळखतात ते धर्मगुरू यांत केवढे अंतर पडले होते! वाक्य महत्त्वाचे होतेच. पण ज्या पत्राचा तो भाग होता, त्यात बेघर माणूस, मजूर, कर्जात बुडालेले कुटुंब यांची काळजी होती. ते वगळून दिलेली बातमी मला आजही अर्धी वाटते.

४. बिशप कसा आहे, ते विगाराला विचारा.

आमच्या भागातली फिर्गज, म्हणजे एका इगर्जेच्या हाताखालचा भाग, पसरट असते. एक इगर्ज, लांब लांब वाड्यांवर कपेल, घरे थोडी. विगार दुचाकीवरून फिरतो. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची नोंद, म्हाताऱ्याचे अंत्यसंस्कार, फाब्रिकाचा म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा हिशेब, शाळेच्या पालकसभा हे सगळे त्याच्याकडे. मुख्य म्हणजे गावातल्या देवस्थानाशी, जिथे बहुसंख्य हिंदू आहेत तिथे, रोजचे संबंध त्यानेच राखायचे. फेस्ताच्या दिवशी मांडवाला हात लावणारी, वाहतूक सांभाळणारी पोरे अनेकदा हिंदूच असतात आणि जत्रेत खाज्याच्या दुकानापाशी ख्रिस्ती कुटुंबे उभी दिसतात. हा सलोखा आयता मिळालेला नाही. कोणी तरी तो सांभाळलेला असतो.

मी पाहिले ते असे : बदलीच्या यादीत आमच्या भागाला उत्साही, लोकांत मिसळणारा पाद्री मिळाला की चार-पाच वर्षे सगळे सुरळीत चालते. केवळ कोणाला तरी कुठे तरी ठेवायचे म्हणून पाठवलेला माणूस आला की फेस्तालाही रंग चढत नाही. आर्चबिशपांचे नेतृत्व मी त्यांच्या प्रवचनांवरून कधीच मोजले नाही. सर्वांत लहान फिर्गजीला ते कोणाला पाठवतात, यावरून मोजले. हे माप मी कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पक्षाच्या प्रमुखाला लावायला तयार आहे.

५. डिचोलीचा बिशप विसरू नका.

हा मुद्दा लांबणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्याचा गाभा इथे आहे.

मातेउस दे कास्त्रो महाले हे दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती घराण्यातले. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांना पाद्री व्हायचे होते. गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. तेव्हा हा तरुण खुष्कीच्या मार्गाने पश्चिम आशिया ओलांडून रोमला पोचला. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतंत्र खाते काढले होते आणि पोर्तुगालच्या राजाच्या हाती असलेल्या बिशपांच्या नेमणुकांना पर्याय ते शोधत होते. कास्त्रो तिथे शिकले, त्यांना दीक्षा मिळाली, ते परत आले. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे मानली नाहीत. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांना बिशपपद मिळाले : नावाला क्रिसोपोलिसचे बिशप, प्रत्यक्षात आदिलशाही मुलखातले पोपचे प्रतिनिधी. भारतातल्या लॅटिन ख्रिस्ती समाजातला हा पहिला देशी बिशप.

पोर्तुगीज गोव्यात त्यांना जागा नव्हती. ते राहिले डिचोलीत, कारण डिचोली तेव्हा विजापूरकरांची होती. इथे त्यांनी चर्च बांधले, गोमंतकीय तरुणांना पाद्री केले. पलीकडच्या गोव्याने त्या पाद्र्यांना खरे मानायला नकार दिला. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून एक जळजळीत पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजेने बार्देश-सासष्टीवर चाल केली, तेव्हा चिथावणीचा ठपका पोर्तुगिजांनी कास्त्रोंवर ठेवला. अखेर रोमने त्यांना बोलावून घेतले आणि त्यांचे उरलेले आयुष्य तिथेच गेले. त्यांच्यानंतर कुस्तोदिओ दे पिन्हो हे आणखी एक गोमंतकीय त्याच पदावर आले.

कास्त्रोंना मी संत करून मांडत नाही. जन्मावरून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ते लढले, पण त्यांची भाषा एका जातीच्या अभिमानाची होती. गोव्यातल्या इतर ख्रिस्ती जातींचे दुःख त्यात नाही. हे न लपवताच त्यांचे मोठेपण सांगायला हवे, आणि ते मोठे होतेच.

आता हे शेजारी ठेवून पाहा. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. ते पाडले गेले. लोकांनी देव नदीपलीकडे डिचोली महालात नार्व्याला आणला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख तिथे आहे. म्हणजे एकाच बेटावरून, एकाच सत्तेच्या जाचाने, एका पिढीत देव आणि पुढच्या पिढ्यांत बिशप मांडवीच्या या काठावर आले. एकाला मराठी राजाने देऊळ बांधून दिले, दुसऱ्याला आदिलशहाच्या राज्यात आसरा मिळाला. डिचोलीतल्या हिंदू मुलाला पहिली गोष्ट शाळेत कळते. दुसरी कोणी सांगत नाही. ख्रिस्ती मुलालाही नाही. मला हे खुपते.

६. नाकारलेले पद शतकभर धुमसते.

कास्त्रोंच्या बिशपपदानंतर दीडशे वर्षांनी, १७८७ मध्ये, पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यातले दोन प्रमुख पाद्री लिस्बनला जाऊन आले होते आणि देशी माणसाला बिशपपद मिळावे म्हणून खटपट करून रिकाम्या हाताने परतले होते. पकडलेल्यांत १७ पाद्री होते. आम्ही शाळेत याला फक्त राजकीय बंड म्हणून शिकलो. मला त्यात चर्चमधल्या मानाच्या जागेचा प्रश्न तितकाच दिसतो.

शेवटचे पोर्तुगीज आर्चबिशप जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ मुक्तीनंतर १९६२ मध्ये गोवा सोडून गेले. पद मात्र रिकामे झाले नाही. त्यांचा राजीनामा १९७५ मध्ये आला. १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस हे गोव्याच्या धर्मपीठावर बसणारे पहिले गोमंतकीय ठरले. कास्त्रोंच्या बिशपपदापासून तोवर ३४१ वर्षे गेली होती. त्यांच्यानंतर हळदोण्याचे फिलिप नेरी फेर्रांव २००४ मध्ये आर्चबिशप झाले आणि २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. त्या बातमीचा आनंद आमच्या भागात हिंदूंच्या घरीही झाला, तो मी स्वतः पाहिला. आपल्या गावाकडचा माणूस पोप निवडणाऱ्यांत बसणार, हे लोक एकमेकांना सांगत होते.

७. शवप्रदर्शनाची गर्दी नीट पाहा.

२०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचे, अवशेष बॉम जेझूमधून से कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. साखळी, डिचोली, पेडण्याहून आलेल्या बसगाड्यांतली माणसे निम्मीअधिक हिंदू असावीत, असा माझा अंदाज. एरवी शांत असणारे कॅथेड्रल तेव्हा लोकांचे होते.

८. शेवटचे सांगणे मागणी म्हणूनच सांगतो.

डिचोलीच्या शाळांत, मराठी असो वा कोंकणी, मातेउस दे कास्त्रोंचा धडा असावा. धर्मप्रांताने आणि डिचोलीच्या पालिकेने मिळून त्यांचे नाव गावात दिसेल अशी सोय करावी. आणि वाचकहो, पुढच्या वेळी से कॅथेड्रल पाहायला याल तेव्हा तिथूनच परत फिरू नका. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा, बेट ओलांडा, दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरा. सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्या आणि तसेच डिचोलीला या.