लहान लॅपटॉपची निवड आणि त्याच्या उणिवांवर उपाय

शेतकऱ्याच्या घरीं लॅपटॉप असावा कीं नसावा, हा वाद आतां फारसा उरलेला नाहीं. मुलामुलींचा अभ्यास, सरकारी योजनांचे अर्ज, सोसायटीचा पत्रव्यवहार व शेतीचा जमाखर्च हीं कामें संगणकावर होऊं लागलीं आहेत. खरा प्रश्न इतकाच आहे कीं, हातीं असलेल्या थोड्या पैशांत कोणता लॅपटॉप घ्यावा, आणि घेतल्यावर त्याच्या उणिवा संभाळून काम कसें काढावें. वीस हजार रुपयांची रक्कम शहरांतील पगारदारास मोठी वाटणार नाहीं. परंतु लहान शेतकऱ्याचें एका हंगामाचें बी-खत तेवढ्यांत येतें. ती रक्कम निकामी यंत्रांत अडकली, तर मुलाचा अभ्यास आणि शेताचा हंगाम या दोहोंस धक्का पोहोंचतो. म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथें दप्तरी पद्धतीनें, म्हणजे बाबवार, करणार आहों.

आमची नोकरी महसुली दप्तरांत झाली. यंत्रशास्त्राचें शिक्षण आमच्यापाशीं नाहीं. तरी ज्यास सातबारा नीट वाचतां येतो, त्यास लॅपटॉपचें माहितीपत्रकहि वाचतां येईल, अशी आमची खात्री आहे. निवडीचा नियम एकच ध्यानांत ठेवावा: जें मागाहून बदलतां येत नाहीं त्यावर पैसा खर्चावा, आणि जें युक्तीनें भागतें तेथें पैसा राखावा. पुढील सर्व विवेचन या एका नियमाचा विस्तार होय.

पहिली बाब: कामांची याद

दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील कामांची याद कागदावर करावी. पुष्कळ कामें मोबाईलवरच होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाईलवरूनच करावयाची असते. तिच्यासाठीं लॅपटॉपची गरज नाहीं. बाजारभाव पाहणें, पैसे पाठविणें, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढणें, हींहि मोबाईलवर उरकतात. यादींत एवढींच कामें असतील, तर लॅपटॉप न घेणें हीच उत्तम निवड समजावी.

परंतु मशागत, बियाणें, खत व मजुरी यांचा पीकवार हिशेब मांडणें, दहा-बारा कागद जोडून अर्ज भरणें, सभेचें इतिवृत्त लिहिणें, मुलांनीं निबंध वा प्रकल्प तयार करणें, या कामांस मोठा पडदा व कळफलक लागतो. हीं कामें हलकीं आहेत, आणि लहान लॅपटॉप यांसाठींच असतो. चलच्चित्रांची जोडणी किंवा भारी खेळ यांची अपेक्षा त्याच्यापासून करूं नये.

दुसरी बाब: रॅम व साठवण

माहितीपत्रकांत पुष्कळ आंकडे असतात. त्यांपैकीं दोन प्रथम पाहावे. पहिला रॅमचा, दुसरा साठवणीचा. रॅम म्हणजे काम मांडावयाचें मेज; साठवण म्हणजे दप्तर ठेवावयाचें कपाट. मेज लहान असल्यास एका वेळीं थोडेच कागद पसरतां येतात. कपाट लहान असल्यास जुने कागद अन्यत्र हलवावे लागतात.

साठवणीचा आंकडा वाचतांना सातबाऱ्याची आठवण ठेवावी. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र निराळें, लागवडीयोग्य क्षेत्र निराळें, आणि मधला भाग पोटखराब असतो. तसेंच येथें आहे. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलें असतें. संगणक आपल्या मापानें तें सुमारें ५९ जीबी दाखवितो. त्यांतून विंडोज ११, तिचा दुरुस्तीचा भाग व नव्या आवृत्तीसाठीं लागणारी मोकळी जागा मिळून पंचवीस ते तीस जीबी वजा करावे. उरलें तें आपलें लागवडीयोग्य क्षेत्र. हिशेबाच्या व अर्जांच्या कागदांस तें वर्षानुवर्षें पुरेल. परंतु मोबाईलनें काढलेलें लग्नाचें तासाभराचें एक चलच्चित्र त्यांतील पांच-सहा जीबी खाऊन टाकतें. ३२ जीबीचें यंत्र विंडोजसाठीं मुळींच घेऊं नये, कारण तेथें लागवडीयोग्य असें जवळजवळ कांहींच उरत नाहीं.

साठवणीची जातहि विचारावी. स्वस्त यंत्रांत बहुधा ईएमएमसी नांवाची साठवण मुख्य फलकावर कायमची डाखलेली असते. ती एसएसडीपेक्षां मंद असते व सहसा बदलतां येत नाहीं. एम.२ जातीची एसएसडी असल्यास ती स्क्रू काढून बदलतां येते. रॅमचेंहि तसेंच. म्हणून दुकानदारास दोन प्रश्न स्पष्ट विचारावे: “रॅम वाढविण्यास खांच आहे काय?” आणि “साठवण डाखलेली आहे कीं सुटी?” दोन्ही डाखलेलीं असतील, तर आज घेतलें तेवढेंच कायमचें, असें समजावें.

विंडोज ११ चा किमान नियमच ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असा आहे. परंतु तो नियम यंत्र चालूं होण्यापुरता आहे, सुखानें चालण्यापुरता नव्हे. शक्य असेल त्यानें ८ जीबी रॅम व १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. प्रोसेसरच्या बाबतींत इंटेलचा सेलेरॉन एन४०२० हा दोन गाभ्यांचा व एन१०० हा चार गाभ्यांचा आहे. भावांत थोडाच फरक असेल तर दुसरा पत्करावा.

तिसरी बाब: नवा कीं वापरलेला

तेवढ्याच पैशांत नवा हलका लॅपटॉप घ्यावा कीं मोठ्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेला दणकट वापरलेला, हा विचार अवश्य करावा. कचेरीसाठीं बनविलेल्या यंत्रांचा कळफलक चांगला असतो, आणि पुष्कळांत रॅम व एसएसडी बदलतां येते. मात्र विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो. आठव्या पिढीची एक सोपी खूण अशी कीं, आय-५ या अक्षरांपुढील चार आंकडी संख्या ८ नें सुरू होते. ती ६ किंवा ७ नें सुरू होत असेल, तर तें यंत्र केवळ लिनक्ससाठींच घ्यावें आणि भाव त्या मानानें पाडून मागावा.

वापरलेलें यंत्र घेतांना प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी हालवून पाहावी आणि बॅटरीचा अहवाल काढण्यास सांगावें. त्या अहवालांत मूळ क्षमता व सध्याची क्षमता असे दोन आंकडे येतात. दुसरा आंकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावांतून वजा करावी. पावती व हमीची मुदत लेखी घ्यावी. तोंडी हमीस दप्तरांत किंमत नसते.

चौथी बाब: कोणती प्रणाली

विंडोज बहुतेकांच्या परिचयाची आहे, आणि टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम तीवर चालतो. कांहीं स्वस्त यंत्रांत ती ‘एस मोड’ मध्यें येते. त्यांत केवळ कंपनीच्या भांडारांतील कार्यक्रम बसवितां येतात. हा अडसर सेटिंगमधून फुकट काढतां येतो, मात्र एकदां काढल्यावर पुन्हां घालतां येत नाहीं. दुकानदार त्यासाठीं पैसे मागूं लागल्यास देऊं नयेत.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती फुकट मिळते आणि ४ जीबी रॅमवर समाधानकारक चालते. लिब्रे ऑफिस हा लेखन व हिशेबाचा संचहि फुकट आहे, आणि मराठी युनिकोडमध्यें उत्तम लिहितां येतें. मात्र ज्यास टॅली किंवा डिजिटल सहीचें उपकरण वापरावयाचें आहे, त्यानें तें लिनक्सवर चालेल कीं नाहीं याची आधीं खात्री करावी.

क्रोमबुक हें तिसरें साधन. तें हलकें व सुरक्षित असतें. परंतु विंडोजचे कार्यक्रम त्यावर बसत नाहींत आणि बरेचसें काम इंटरनेटवर अवलंबून असतें. प्रत्येक क्रोमबुकची सुधारणा मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. ती सेटिंगमध्यें पाहूनच पैसे द्यावे. जुना माल स्वस्त मिळतो, त्याचें कारण पुष्कळदां त्या तारखेंत असतें.

पांचवी बाब: उणिवांवर उपाय

रॅम थोडी असल्यास एका वेळीं एकच दप्तर उघडावें. अर्ज भरतांना चित्रपटाचें गाणें चालूं ठेवूं नये. यंत्र सुरू होतांच आपोआप उघडणारे कार्यक्रम सेटिंगमध्यें जाऊन बंद करावे. ब्राउझरच्या तीन-चार टॅबांपेक्षां अधिक उघड्या ठेवूं नयेत. एवढ्यानेंच मंद यंत्राचा निम्मा त्रास कमी होतो.

पडदा लहान असल्यास हिशेबाच्या तक्त्यांतील वरची ओळ व डावा स्तंभ गोठवून ठेवावा, म्हणजे खालीं सरकलें तरी बाबींचीं नांवें दिसत राहतात. ब्राउझरमध्यें पान ऐंशी टक्क्यांवर आणावें. लांब काम असेल तेव्हां घरचा दूरदर्शन संच एचडीएमआय तारेनें जोडावा. तोच मोठा पडदा होतो. हा उपाय एका तारेच्या किंमतींत होतो, आणि घरोघरीं तो अजून वापरला जात नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें.

इंटरनेट मोबाईलवरून घेत असल्यास त्या जोडणीस ‘मीटर्ड’ अशी खूण करावी. तसें न केल्यास विंडोजची सुधारणा दिवसाचा सगळा डेटा गिळून टाकते, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशीं पंचाईत होते. सुधारणा मात्र कायमची टाळूं नये. महिन्यांतून एकदां तालुक्याच्या गांवीं चांगली जोडणी मिळेल तेथें ती करून घ्यावी.

विजेचा हिशेबहि करावा. बॅटरी ३८ वॉट-तासांची असून यंत्र ८ वॉट खात असेल, तर पावणेपांच तास काम होतें. पडद्याचा उजेड कमी केल्यास ती मुदत आणखी वाढते. यूएसबी-सी वरून भार घेणारें यंत्र मिळाल्यास त्यास पसंती द्यावी, कारण योग्य शक्तीच्या पॉवर बँकेवरहि तें चालतें. ज्या गांवीं विजेचा दाब वरखालीं होतो, तेथें दाब-संरक्षक फलकाशिवाय यंत्र भिंतीच्या सॉकेटला लावूं नये.

सहावी बाब: नक्कल

ही बाब शेवटीं आली तरी महत्त्वानें पहिली आहे. साठवण फलकावर डाखलेली असल्यानें फलक जळाला कीं आंतील कागद बहुधा हातचे जातात. यंत्र पुन्हां विकत मिळतें. तीन वर्षांचा पीकवार जमाखर्च, सोसायटीचें इतिवृत्त, मुलाचा प्रकल्प हीं पुन्हां मिळत नाहींत. ज्यानें दप्तरखाना पाहिला आहे, त्यास नकलेची किंमत सांगावी लागत नाहीं. म्हणून दर आठवड्यास एक ठराविक वार धरून सर्व कागदांची नक्कल पेन ड्राइव्हवर करावी, तो ड्राइव्ह यंत्रापासून निराळ्या ठिकाणीं ठेवावा, आणि अत्यंत महत्त्वाचे कागद आपल्या ईमेलच्या खात्यांतहि जमा करावे. बँकेचा परवलीचा शब्द मात्र यंत्रांत लिहून ठेवूं नये.

सारांश, लहान लॅपटॉप हा कमी क्षेत्राच्या जमिनीसारखा आहे. क्षेत्र थोडें म्हणून तो शेतकरी दरिद्री राहतोच असें नाहीं. कोणतें पीक त्यांत येईल हें ओळखून, बांधबंदिस्ती करून, बी राखून ठेवणारा त्यांतहि संसार चालवितो. आमच्या सभासदांनीं जाहिरातीच्या मोठ्या आंकड्यांस न भुलतां आधीं कामांची याद, मग रॅम व साठवण, मग प्रणाली, आणि पहिल्या दिवसापासून नक्कल, या क्रमानें चालावें. असें केल्यास पैसा वायां जाणार नाहीं, व घरांतील लेकरांच्या हातीं एक उपयुक्त साधन येईल.